आबांची कुऱ्हाड, माझा बाक

बुधवार पेठेत आम्ही राहतो त्या वाड्याच्या मागच्या अंगाला, न्हाणीघराशेजारी, एक खोली आहे. आठ फूट रुंद, अकरा फूट लांब. जुन्या भाडेकरूंच्या तोंडी तिचे नाव अजून ‘लाकूडखोली’ हेच आहे. वाड्यात चुली होत्या तेव्हा तिथे जळाऊ लाकूड भरून ठेवीत. चुली जाऊन स्टोव्ह आले, स्टोव्ह जाऊन गॅस आला, आणि खोलीत फुटके हंडे नि मोडक्या खुर्च्या साठल्या. २०१३ साली कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा मी ती मालकांकडून थोड्या भाड्याने मागून घेतली. भिंतीला माझी हत्यारे लावली. शेजारपाजारच्यांचे स्टूल, दाराची बिजागरी, पोळपाटाचा मोडलेला पाय असली कामे करीत बसू लागलो.

‘बसू लागलो’ हेच खरे. कारण खोलीत बाक नव्हता.

वाचकहो, सुतारी बाक म्हणजे शाळेतला बाक नव्हे. कारखान्यात त्याला बेंच म्हणतात. जाड फळीचे, वजनदार, हलवता हलू नये असे टेबल. त्याच्या कडेला लाकूड आवळून धरणारा शिकंजा. त्यावर लाकूड ठेवून माणूस उभ्याने रंधा मारतो, पटाशी चालवतो. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून काम करी. लाकूड पायाने दाबून धरी, अंगठ्याने अडवी. त्यातही मोठे कसब आहे, ते कमी लेखू नये. पण त्यात गुडघे जातात आणि पायाचे अंगठे कापतात. उभ्याने काम करायचा बाक आपल्या लोकांना दिसला तो रेल्वेच्या वर्कशॉपात, कारखान्यांत आणि तांत्रिक शाळांत. मी चाळीस वर्षे दुसऱ्याच्या बाकावर उभा राहिलो आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा जमिनीवर आलो. दहा वर्षे दोन खोके नि एक फळी यावर भागवले. शेवटी गुडघ्यांनी नकार दिला.

हे सगळे सांगण्याआधी आबांचे सांगितले पाहिजे.

आबा म्हणजे माझे वडील. आमचे गाव जुन्नर तालुक्यातले. गावात सुतार होता, त्याला बलुते मिळे. लाकूड आमच्याही वाट्याला होतेच, पण ते फोडायला; घडवायला नाही. वाड्यावरचे जळण फोडून द्यायचे, लग्नकार्याला ओंडके फोडायचे, ही आमच्या लोकांकडची कामे. आबा लहानपणी सुताराच्या अंगणाबाहेर उभे राहून रंधा कसा चालतो ते बघत. एकदा सुतार पाणी प्यायला आत गेला तेव्हा त्यांनी अंगणात पाय टाकला आणि पडलेली पटाशी उचलून पाहिली. सुतार बाहेर आला. त्याने मारले नाही. फक्त पटाशी चिमट्याने उचलली, चुलीतल्या विस्तवात लाल होईपर्यंत धरली आणि मग हातात घेतली. म्हणजे विटाळ गेला.

पुढे १९७२ साली मी औंधच्या आयटीआयमध्ये सुतारकामाला लागलो. तिथे पहिल्याच महिन्यात शिकलो की हत्याराचे पोलाद असे लाल तापवून तसेच निवू दिले की त्याचे पाणी उतरते. ते मऊ पडते, धार धरत नाही. घरी येऊन मी हे आबांना सांगितले. त्यांनी मला दोनदा सांगायला लावले. मग इतके हसले की ठसका लागला. “म्हंजे माझ्या हाताला काय झालं न्हाय, त्याच्याच पटाशीचं वाटोळं झालं!” पुढे कितीतरी दिवस ते मध्येच आठवून हसत.

आबा पुण्याला आले ते १९५० च्या सुमारास. मंगळवार पेठेत खोली आणि लाकडाच्या वखारीत काम. त्या काळी पुण्यातल्या घरोघरच्या चुली वखारींवर चालत. लाकूड फोडायचे, तोलायचे, हातगाडीवर घालून पेठांतल्या वाड्यांत पोचवायचे. पुष्कळ वाड्यांत ते तिथेच परसात पुन्हा बारीक फोडून द्यावे लागे. १९५८ साली वतने रद्द करण्याचा कायदा झाला तेव्हा गावाकडून निरोप आला, पण आबा परत गेले नाहीत. म्हणाले, कुऱ्हाडच चालवायची तर इथे तोलून पैसे मिळतात.

त्यांना लाकडाची जी समज होती ती मला आयटीआयच्या पुस्तकात सापडली नाही. ओंडका समोर आला की आधी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने त्यावर ठोकत आणि ऐकत. टणक आवाज म्हणजे आत निरोगी, बद्द आवाज म्हणजे पोकळ किंवा किडलेला. मग कापलेल्या तोंडावर उन्हाने पडलेली चीर शोधत. लाकूड आपले आपण कुठून फुटू पाहते हे ती चीर सांगते. तिच्या रेषेत घाव घालायचा. गाठीवर घाव घालायचा नाही, गाठ बगलेत टाकायची. आंबा मुकाट्याने फुटतो, बाभळीची रेषा पिळाची असते, ती भांडते. हे सगळे त्यांनी मला सांगितले ते मी सुतार व्हावे म्हणून नव्हे. मी वखारीत डबा घेऊन जाई तेव्हा बोलता बोलता सांगितले.

आयटीआयनंतर ॲप्रेंटिस म्हणून एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये लागलो. कारखान्याचे नाव सांगत नाही. लोखंडाचे ओतकाम करण्याआधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. अतिशय बारकाईचे काम. आम्ही पाच नवीन मुले. चौघांना पहिल्याच दिवशी बेंच मिळाले. मला चार महिने झाडू मिळाला. भुसा गोळा करायचा, सरसाचे भांडे तापवायचे. मग बेंच मिळाला तो संडासाच्या भिंतीलगतचा, शिकंज्याचा एक जबडा तुटलेला. मी तक्रार केली नाही. जेवणाच्या सुट्टीत जबड्याला शिसवाची फळी बसवली, रंध्याने त्याचा वरचा भाग सपाट केला. वर्षभराने फोरमनने त्या बेंचवर दुसऱ्याला उभे केले, कारण तो आता शॉपमधला सगळ्यात चांगला बेंच झाला होता! असो.

त्या दिवसांत आबा एकदा शॉपच्या फाटकापर्यंत आले होते. खिडकीतून त्यांनी मला काम करताना पाहिले. घरी म्हणाले, “उभ्यानं काम करतोस? मग सायबच झालास की.”

१९८४ साली, लग्नानंतर दोन वर्षांनी, मी बुधवार पेठेतल्या या वाड्यात दोन खोल्या घेतल्या. मालकांनी आडनाव विचारले, मी सांगितले. ते थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग डिपॉझिट मोजून घेतले. पुढे त्यांचा आमचा कधी वाद झाला नाही, हेही सांगायला हवे. आबा पहिल्यांदा खोली बघायला आले तेव्हा दिंडीतून आत शिरून थेट मागे गेले. न्हाणीघर पाहिले, लाकूडखोली पाहिली. म्हणाले, “हितं मी आलोय. मागच्या दारानं. हितंच बसून फोडून द्यायचो.” एवढेच. चहा प्यायले आणि गेले. १९९४ साली ते वारले. त्यांची कुऱ्हाड माझ्याकडे आली. दांड्यावर त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या जागी खोलगट झिजले आहे. सुताराच्या वाकसाचा दांडा रोज थोडा थोडा झिजतो आणि एक दिवस झीज दिसते, असा दाखला बुद्धांनी दिला आहे, हे भन्तेजींच्या प्रवचनात ऐकले तेव्हा मला हाच दांडा आठवला.

आता बाकाकडे येतो.

पेठेतले वाडे एकेक करून उतरत आहेत. उतरत आहेत म्हणजे पाडले जात आहेत. पण पाडणारे कंत्राटदार ‘वाडा उतरवला’ असेच म्हणतात, कारण लाकूड जपून खाली काढतात, ते विकले जाते. ही पेठ तशी पडझडीला सरावलेली. पेशव्यांचा बुधवार वाडा १८७९ च्या आगीत गेला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो भिडे वाडाही याच पेठेत. कोर्टकचेऱ्या संपून डिसेंबर २०२३ मध्ये तो स्मारकासाठी उतरवला गेला. माझा बाक पाहून दोघातिघांनी मोठ्या भक्तीने विचारले, हे भिडे वाड्याचे लाकूड काय? नाही. तसे असते तर मी त्यावर रंधा मारायचे धाडस केले नसते. माझे लाकूड आमच्या बोळातल्याच, कुणाच्या इतिहासात नसलेल्या एका वाड्याचे. २०२४ च्या जानेवारीत तो उतरवला. ढिगाऱ्यात दोन तुळया काढून ठेवल्या होत्या. धुराने काळ्याकुट्ट, चुन्याने माखलेल्या. मी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून पाहिले. दोन्ही टणक वाजल्या. भिंतीत गाडलेली टोके मात्र वाळवीने खाल्लेली होती. रंधा मागवून कोपऱ्यावर एक हात मारला. खालून मधासारखा सोनेरी रंग आला आणि तो जुन्या चामड्यासारखा वास. सागवान.

मुकादम म्हणाला, “काका, दाराच्या चौकटीला नेताय का?” मी म्हटले, बाकाला. त्याला वाटले, बसायच्या.

बाकाला सागवान हे काही पहिल्या पसंतीचे लाकूड नाही, हे खरे. बाक जितका जड तितका चांगला. बाभूळ, ऐन, शिसव ही सागवानापेक्षा जड. युरोपात बीच नावाच्या झाडाचे बाक करतात. पण सागवानाचा एक गुण असा की ते पावसाळ्या-उन्हाळ्यात फार हालत नाही, आणि शंभर वर्षे छताखाली वाळलेले सागवान तर जवळजवळ हालतच नाही. शिवाय ते बोळाच्या तोंडाशी पडले होते, आणि माझ्या खिशाला परवडत होते. सौ. म्हणाली, “घरात पलंगाचा पाय हलतोय आणि बाक सागवानी!” पलंगाचा पाय आधी दुरुस्त केला.

खाल्लेली टोके कापून प्रत्येक तुळई नऊ फूट राहिली. रुंदी सात इंच, जाडी सहा. म्हणजे एकीचे दोन घनफूट नि थोडे वर, दोन्ही मिळून सव्वापाच घनफूट. सागवान घनफुटाला अठरा-साडेअठरा किलो भरते. तेव्हा सगळे मिळून शंभर किलोच्या आत-बाहेर. मी दोन दिवस वहीत आकडे मांडत बसलो. प्रत्येक तुळई जाडीत मधून चिरली तर चार तक्ते होतात, सात इंच रुंद, रंधून पावणेतीन इंच जाड. तीन तक्त्यांचे पाच-पाच फूट कापले की ते शेजारी शेजारी चिकटवून वीस इंची माथा झाला. उरलेल्या तीन चार-फुटी तुकड्यांतल्या दोहोंतून चार पाय. चौथ्या अखंड तक्त्यातून दोन लांब आडव्या पट्ट्या आणि चार आखूड. तरी एक चार फुटांचा तुकडा हातात राहतो. त्याचे काय करायचे ते तेव्हा ठरवले नव्हते.

जुन्या लाकडात खिळे असतात आणि तेही हाताने घडवलेले, चौकोनी, डोके मोडलेले. ते वरून दिसत नाहीत. तापकीर गल्लीतल्या एका दुकानदाराकडून जळालेल्या स्पीकरचे लोहचुंबक मागून आणले, दोऱ्याला बांधले आणि तुळईवर इंच-इंच फिरवले. चुंबक जिथे ओढ घेई तिथे खडूची खूण. तेवीस खिळे काढले. तेवीसच होते असे मी गिरणीवाल्याला छातीठोक सांगितले. चोविसावा तीन इंच खोल होता. पट्ट्याच्या करवतीचे दात झडले तो आवाज अजून कानात आहे. चूक माझी, पैसे मी भरले. ते तुळईच्या किमतीच्या पाव हिश्शाइतके झाले. घरी खरा आकडा सांगितला नव्हता. आता या अंकात वाचला जाईल.

माझी नात तेव्हा सतरा वर्षांची, अकरावीत. धनकवडीहून आप्पा बळवंत चौकात पुस्तकांना म्हणून यायची आणि पुस्तके पिशवीतच ठेवून लाकूडखोलीत उभी राहायची. पहिल्या रविवारी पाहत राहिली. दुसऱ्या रविवारी म्हणाली, “आजोबा, मी मारू रंधा?” मी तिला आधी धार लावायला बसवले. सागवानात वाळूसारखा बारीक कठीण अंश असतो, तो पात्याची धार खातो. अर्ध्या तासाला पाते काढून दगडावर घासावे लागते. दोन रविवार ती नुसती धार लावीत होती. मला वाटले कंटाळेल. तिने मनगटावरचे केस पात्याने उडवून दाखवले आणि म्हणाली, “आता?”

माथा सपाट करणे हे सगळ्यात वेळखाऊ काम. तीन तक्ते चिकटवले ते मार्चमध्ये, हवा कोरडी असताना. सागवान तेलकट असते, त्यावर डिंक नीट धरत नाही. म्हणून कडा थिनरने पुसायच्या आणि लगेच फेविकॉल लावून आवळायच्या. आवळून झाल्यावर माथ्याला थोडा पीळ राहिला होता. पीळ डोळ्याला दिसत नाही. दोन सारख्या सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवायच्या, खाली वाकून पहिलीच्या माथ्यावरून दुसरीकडे पाहायचे. एक बाजू वर, एक खाली दिसली की तिथे पीळ. मग रंधा तिरका, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे. मी पंधरा मिनिटे मारून धापा टाकू लागलो की ती घेई. छिलके पडत गेले तशी काळी तुळई हळूहळू पिवळी होत गेली. वाड्यातल्या काकू छिलके मागून नेत. धूप पेटवायला बरे पडतात म्हणे.

तिने फोनवर मला एका फ्रेंच सुताराच्या बाकाचे चित्र दाखवले. रूबो त्याचे नाव. पॅरिसमधला हाडाचा कामकरी सुतार. १७६९ पासून त्याने आपल्या धंद्यावर मोठमोठे ग्रंथ छापले. त्याच्या बाकाचे पाय माथ्याच्या पुढच्या कडेशी अगदी समपातळीत आहेत. का, हे मी तिला विचारले. तिने विचार करून सांगितले: दाराची फळी कडेवर उभी धरायची झाली तर ती माथ्याला आणि पायाला दोन्हीकडे टेकते. मला हे कारखान्यात पाच वर्षांनी कळले होते. आम्ही रूबोचे एवढे घेतले.

त्याचे सगळे घेता आले नाही, कारण त्याचा बाक एकदा जोडला की कायमचा. आमचे तसे नाही. आमच्या वाड्यालाही नोटीस आली आहे. भाडेकरूंच्या बैठका चालू आहेत, नकाशे फिरत आहेत. कुणाला केवढी जागा मिळणार, मधल्या वर्षांत कुठे राहायचे, लाकूडखोलीचे काय, काहीच नक्की नाही. तेव्हा बाक असा हवा की एका हातोडीने मोडून टेंपोत घालता यावा आणि पुन्हा उभा करता यावा. मी असे केले. दोन बाजूंच्या चौकटी, म्हणजे दोन पाय नि दोन आखूड पट्ट्या, कायमच्या जोडल्या. लांब पट्ट्यांच्या टोकाला कुसू काढला, तो पायातल्या भोकातून आरपार बाहेर काढला आणि बाहेर आलेल्या कुसवात खाच पाडून पाचर मारली. इथे एक खुबी आहे. खाचेची आतली कड पायाच्या बाहेरच्या अंगाशी बरोबर जुळवायची नाही, एक सूत आत ठेवायची. मग पाचर ठोकली की ती पायावर दाब देत राहते आणि सांधा ओढून घेते. जुळवली तर पाचर कुसवातच अडते आणि बाक डुलतो. पहिली खाच मी जुळवून बसलो होतो! सत्तरीला आलो, चाळीस वर्षांची नोकरी, आणि हे. माथा नुसता पायांच्या चार आखूड कुसवांवर बसतो, चिकटवलेला नाही. त्याचे वजन पस्तीस किलो आहे, दोन माणसे उचलतात.

पाचरी आणि खुंट्या बाभळीच्या. रविवारी जुन्या बाजारात शिकंज्याचा लोखंडी आटा मिळाला, तिथेच मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे दोन आरे मिळाले. मी खुंट्यांसाठी करवत काढली. आणि थांबलो. करवतीने कापलेल्या खुंटीत रेषा कुठेतरी तुटते आणि खुंटी तिथेच मोडते. फोडलेल्या खुंटीत रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाते. हे मला माहीत होते, पण कारखान्यात कुणी फोडत नाही, मशीनवर गोल करतात. मी भिंतीवरून आबांची कुऱ्हाड काढली. नातीला म्हटले, आधी ठोक आणि ऐक. मग चीर शोध. तिने आऱ्याचा तुकडा ओट्यावर उभा धरला, कुऱ्हाडीचे पाते चिरेवर टेकवले, वरून मोगरीने ठोकले. बाभूळ भांडली. तिसऱ्या ठोक्याला फुटली, अगदी सरळ. त्यातून सोळा खुंट्या निघाल्या. त्या खोलीत लाकूड फोडल्याचा आवाज किती वर्षांनी झाला असेल याचा मी हिशेब करीत होतो, तेवढ्यात दारात माझी मुलगी उभी.

ती नातीला न्यायला आली होती. नर्स आहे, दोन पाळ्या करून आलेली. मुलीच्या हातात कुऱ्हाड पाहून तिचा चेहरा उतरला. पोरगी म्हणत होती, बारावीनंतर मला सुतारकामाला जायचंय, आयटीआयला. हे मला माहीत होते, आईला पहिल्यांदा कळले.

“आबांनी लाकडं फोडली,” मुलगी मला म्हणाली, “तुम्ही जन्मभर घासली. मला शिकवलंत ते कशासाठी? हिनं पुन्हा कुऱ्हाड धरावी म्हणून?”

मी बाबासाहेबांचा दाखला दिला. ते १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विलायतेतल्या उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणही मागितले होते. छापखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपात उमेदवारी मागितली होती.

“मागितली होती, कारण मिळत नव्हती,” ती म्हणाली. “आता तिला दुसरं मिळतंय. आणि सुतारकामात बाईमाणसाला कोण काम देणार? तुम्हाला बेंच द्यायला चार महिने लावले होते ना?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. झाडूचे चार महिने मीच तिला लहानपणी सांगितले होते, ते तिने जपून ठेवले होते. नात काही बोलली नाही. खुंट्या एकेक करून डब्यात भरीत होती. दोघी रिक्षाने गेल्या. पुढचे तीन रविवार ती आली नाही.

चौथ्या रविवारी दोघी आल्या. मुलगी स्टुलावर बसून राहिली, पाहत होती. पाय अजून कापायचे होते. बाकाची उंची ठरवायची जुनी रीत अशी: सरळ उभे राहायचे, हात सैल सोडायचे, मनगट जिथे येते तेवढा बाक. त्याहून उंच झाला तर रंध्यावर अंगाचे वजन पडत नाही, नुसते खांदे दुखतात. ठेंगणा झाला तर कंबर जाते. मी भिंतीला उभा राहिलो, एकतीस इंच आले. पेन्सिल घेऊन पायावर खूण करायला वाकलो.

“तिचं मोजा की,” मुलगी म्हणाली.

मी वर पाहिले. ती भिंतीकडे पाहत होती. नातीचे मोजले, चौतीस भरले. आमच्या घरात एवढे उंच कुणी झाले नव्हते. मी दोन्ही खुणा केल्या, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि चौतीसवर करवत लावली. कापलेले लाकूड पुन्हा लांब होत नाही. उंच ठेवलेले पुढे केव्हाही कापता येते. मी कारण तेवढेच सांगितले.

गेल्या डिसेंबरात बाक उभा राहिला. पहिल्या पावसाळ्यात पाचरी आवळल्या गेल्या, चैत्रात सैल पडतील, तेव्हा पुन्हा एकेक ठोका. नातीची बारावी चालू आहे. विज्ञान शाखा आहे. सुतारकामाचा विषय घरात निघत नाही आणि मिटलाही नाही, वाड्याच्या बैठकीसारखाच.

उरलेल्या चार-फुटी तुकड्याचे काम मात्र झाले. अठरा इंच शिकंज्याच्या जबड्याला गेले. राहिलेल्या तीस इंचांचे दोन तुकडे शेजारी जोडून मी एक पाट केला, पावणेतीन इंच उंचीचा. त्यावर उभा राहिलो की माझे मनगट बाकाशी जवळपास बरोबर येते. सौ. म्हणाली, “पाटावर माणूस बसतं, उभं कुठं राहतं?” रविवारी आम्ही पाळीपाळीने काम करतो. तिची पाळी आली की ती पाट पायाने बाकाखाली सारते, माझी आली की मी तो ओढून घेतो.